दुसरी तपासणी

उत्तरायण, म्हणजे संक्रांत, आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण असे दोन दिवस गच्चीवर पतंग उडवून, मांज्याने कापून माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्ट्या लागल्या होत्या. त्यामुळे सोळा जानेवारी २००४ला, शुक्रवारी सकाळी, बडोद्यातल्या गोरव्याच्या ऑफिसात मेल उघडली तेव्हा मी आधीच वैतागलेली होते. मेल प्रागहून आली होती. लिहिणारा कुणी संशोधक, त्याचं आडनाव मला अजूनही नीट म्हणता येत नाही. त्याने अगदी सभ्य इंग्रजीत कळवलं होतं की तुम्ही सांभाळता त्या ड्रायव्हरमध्ये एक भोक आहे आणि त्यातून कुणीही शिरून अख्खा कॉम्प्युटर ताब्यात घेऊ शकतो. चौदा दिवसांनी तो ही गोष्ट जगाला सांगणार होता. तोवर मी भोक बुजवावं, एवढीच त्याची विनंती होती.

गोरव्याच्या त्या ऑफिसात मी पगारासाठी कारखान्यांच्या कंट्रोल पॅनलचे प्रोग्राम लिहीत असे. ड्रायव्हर हे माझं बिनपगारी काम. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम आहे. डिस्कवर फायली कशा मांडल्या आहेत हे त्या सिस्टिमला समजावून सांगणारा जो भाग असतो, तो फाइल सिस्टिमचा ड्रायव्हर. असे पन्नासेक ड्रायव्हर त्यात आहेत आणि त्यातला एक बडोद्याचा आहे. तो विश्वंभर दिघे सरांनी लिहिला.

दिघे सर एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात होते. तिथली जुनी मोठी मशिनं चौऱ्याण्णवमध्ये भंगारात निघाली आणि त्यांच्याबरोबर वीस वर्षांची ड्रॉइंगं त्या मशिनांच्या डिस्कांवर अडकून बसली. दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरला त्या डिस्का वाचता येत नव्हत्या. साहेब लोक म्हणाले, जाऊ द्या. सरांनी नाही जाऊ दिलं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना त्यांनी ड्रायव्हर लिहिला, तो त्या फुकट सिस्टिमच्या लोकांना पाठवला, आणि त्यांनी तो मूळ सिस्टिममध्ये घेतला. तेव्हापासून जगात कुठेही ती सिस्टिम बसवली की तिच्या पोटात एक फाइल असते आणि तिच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं, व्ही. एस. दिघे, बडोदा. सरांनी याचा कधी डांगोरा पिटला नाही. तो आम्ही, त्यांच्या विद्यार्थ्यांनी, पिटला.

कारण सर दर रविवारी सकाळी सुभानपुऱ्यातल्या घरी वर्ग घेत. फी नाही, सर्टिफिकेट नाही. कॉलेजची सहा-सात मुलं जमिनीवर बसायची, प्रोग्रामचा छापील कागद हातात घ्यायचा आणि एकेकाने एकेक ओळ मोठ्याने वाचून ती कशासाठी आहे ते सांगायचं. न सांगता आलं की सर पुढे जाऊ देत नसत. मीही त्याच सतरंजीवर घडले. नव्व्याण्णवमध्ये सरांना मोतीबिंदू झाला आणि ड्रायव्हर सांभाळायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि मला आकाश ठेंगणं झालं होतं.

सरांचा एक नेम होता. त्यांचे वडील संस्थानच्या दफ्तरात कारकून. तिथे कागदांचे गठ्ठे कापडात बांधत, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणायचे. रुमाल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला की देणाऱ्याने कागद मोजायचे आणि घेणाऱ्याने पुन्हा मोजायचे. देणारा सख्खा भाऊ असला तरी मोजायचे. सरांचा ड्रायव्हर याच शिस्तीने लिहिलेला होता. डिस्कवरून आकडा घेताना तपासणी, तोच आकडा पुढच्या भागाला देताना पुन्हा तपासणी. आणि त्यांच्या घरातल्या कपाटात खरोखरचे रुमालही होते. ड्रायव्हरची प्रत्येक आवृत्ती कागदावर छापून, तारीख घालून, लाल मांजरपाटात बांधलेली. आम्ही हसायचो.

आता भोकाबद्दल. डिस्कवर प्रत्येक फाइलच्या नावाआधी एक आकडा असतो, नाव किती अक्षरांचं आहे ते सांगणारा. ड्रायव्हर तेवढी अक्षरं उचलून मेमरीत ठेवतो, आणि तिथे जागा असते दोनशे छप्पन्न अक्षरांची. उद्या कुणी मुद्दाम अशी डिस्क तयार केली की जिच्यावर आकडा पाच हजार आहे, तर ड्रायव्हर भाबडेपणाने पाच हजार अक्षरं उचलणार, जागा ओलांडून पलीकडे ओतणार, आणि पलीकडे सिस्टिमचं स्वतःचं काळीज असतं. आलेल्या अक्षरांत काय लिहायचं ते डिस्क बनवणाऱ्याच्या हातात. जुन्या डिस्कांच्या जमान्यात हे कुणी केलं नसतं. पण २००४मध्ये पेन ड्राइव्ह आले होते. पेन ड्राइव्ह खोचला की सिस्टिम आपणहून तो वाचायला जाई. म्हणजे बँकेच्या, दवाखान्याच्या, कुठल्याही कॉम्प्युटरला कुणी दोन मिनिटं पेन ड्राइव्ह लावला की काम फत्ते.

बुजवायला मला एक दुपार लागली. दोन ओळी. आकडा जागेपेक्षा मोठा असेल तर नाव घेऊ नको, बस. हसू येण्याइतकी साधी गोष्ट, आणि ती तिथे कशी नव्हती याचं मला नवल वाटलं. पण मी फार खोलात गेले नाही. सर म्हातारे, कोड जुना, राहिलं असेल, असं मी मनाशी म्हटलं.

प्रागवाल्याने जाहीर करायचा मजकूर मला पाठवला होता. त्यात एक रकाना होता, चूक मुळात कुणाच्या कोडमधली. मी लिहिलं, मूळ कोड, व्ही. एस. दिघे, १९९६. हे मी माझ्या हाताने, पट्ट्या बांधलेल्या बोटांनी लिहिलं. सिस्टिमच्या बदलांची नोंद इंटरनेटवर २००२पासूनचीच होती. त्याआधीचं कुणी काय केलं ते शोधायची सोयच नव्हती, आणि फाइलच्या डोक्यावर सरांचं नाव होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पाठवण्याआधी मी सरांना सांगायला गेले, एवढी रीत मला होती. त्यांनी जाड भिंगाचा चष्मा चढवून माझ्या दोन ओळी वाचल्या, वरच्या-खालच्या पंधरा ओळी वाचल्या.

"इथे काही नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"नव्हतं सर."

"बराबर," ते म्हणाले. चष्मा उतरवत म्हणाले, "माझं नाव घातलंस ते ठीक आहे. जाऊ दे ते."

कुसुमावतीकाकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, उंधियू गरम करून दिला. मी पोटभर खाल्ला आणि बडोद्यातच अकोट्याला माझ्या घरी गेले.

तीस तारखेला ते जाहीर झालं. सुरक्षेच्या बातम्या देणाऱ्या यादीत त्या दिवशी अशा अकरा चुका होत्या, त्यातली ही एक. बाहेरच्या जगाला काही सोयरसुतक नव्हतं. पण सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांचा एक मेल-ग्रुप होता, जगभर पसरलेले शंभरेक जण. त्यात देवेंद्र नावाचा अमेरिकेत असलेला एक शहाणा होता, ज्याला सरांनी एकदा वर्गात अर्धा तास एकाच ओळीवर उभं करून ठेवलं होतं. त्याने बातमीचा दुवा टाकला आणि खाली लिहिलं, 'घेताना मोजा, देताना मोजा! सर, मोजायला विसरलात?' त्याच्यापुढे हसरे चेहरे. मग आणखी आठ-दहा जणांनी हसून घेतलं. कुणी दुष्टपणाने लिहिलं नव्हतं, हे मला मान्य आहे. पण अडुसष्ट वर्षांच्या माणसाने आयुष्यभर जी एक गोष्ट शिकवली, तिच्यावरच हे सगळे हसत होते. मी देवेंद्रला झणझणीत उत्तर लिहिलं. सरांनी काहीच लिहिलं नाही.

सोमवारी काकूंचा फोन आला. काकू कधी फोन करत नसत.

"अगं मुग्धा, यांनी वर्ग बंद केला. काल पोरं आली ने, त्यांना दहा मिनिटांत परत पाठवलं. आता येऊ नका म्हणाले."

"का?"

"मला काय सांगतात? तू येऊन जा ने जरा."

मी मंगळवारी गेले. सर व्हरांड्यात बसले होते. मी वर्गाचं विचारलं तर म्हणाले, डोळे दुखतात. डोळ्यांचं ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली होती आणि आदल्याच महिन्यात ते गच्चीवर उभे राहून तिसऱ्या सोसायटीतला पतंग कुणी कापला ते सांगत होते. मी तसं बोलून दाखवलं. सर हसले नाहीत. सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी केलेली होती. बारा वर्षांत ती उन्हात घालण्यापलीकडे कधी उचललेली मी पाहिली नव्हती, आणि मला खरंच भीती वाटली. या माणसाचा रविवार गेला तर राहतं काय?

घरी आल्यावर मी ठरवलं की देवेंद्र आणि कंपनीला गप्प करायचं. सरांनी इतर चाळीस ठिकाणी किती काटेकोर तपासण्या केल्या आहेत त्याची यादी काढायची आणि ग्रुपवर टाकायची. त्यासाठी जुनी आवृत्ती हवी होती. माझ्याकडे जुन्या मेलच्या सीड्या होत्या, आईच्या शिलाई मशिनच्या खणात. बुधवारी ऑफिसला दांडी मारून मी त्या चाळत बसले. नव्व्याण्णवच्या सीडीत सरांनी मला सोपवलेली मूळ फाइल सापडली. मी ती उघडली आणि सरळ त्या ठिकाणी गेले.

तपासणी तिथे होती. दोन ओळी. मी सोळा जानेवारीला लिहिल्या जवळपास तशाच. वर सरांची टीप, 'देताना पुन्हा मोजा.'

पुढचं शोधायला फार वेळ लागला नाही. ऑगस्ट नव्व्याण्णवमध्ये, काम हाती आल्यावर चौथ्या महिन्यात, मी पहिली मोठी साफसफाई केली होती आणि सिस्टिमच्या मुख्य लोकांना पाठवली होती. त्या मेलच्या सोबत मी अभिमानाने एक यादी जोडली होती. त्यात सातवी नोंद होती, 'अनावश्यक दुसरी तपासणी काढली.' आकडा डिस्कवरून घेताना तपासलेला असतोच, मग पुन्हा कशाला, असा माझा हिशोब. पण त्या आकड्यापर्यंत पोहोचायला दोन वाटा होत्या. पहिली तपासणी फक्त एका वाटेवर होती. दुसरी, मी काढलेली, दोन्ही वाटा जिथे एकत्र येत तिथे होती. मी एकच वाट पाहिली आणि दुसरी उघडी टाकली. साडेचार वर्षं ते दार सताड उघडं होतं, आणि ते उघडलं होतं मी. सरांनी नाही.

आता माझी अडचण सांगते. बारा फेब्रुवारीला बंगलोरला माझी मुलाखत होती. एका मोठ्या कंपनीत, खास फाइल सिस्टिमवर काम करणाऱ्या टीमसाठी. गोरव्याच्या पॅनलांमधून सुटायची माझी ती पहिली आणि बहुधा शेवटची संधी होती, कारण एकतीस वर्षांच्या बाईला बडोद्यात बसून असलं काम कोण देतो? आणि त्यांनी मला बोलावलं होतं ते एकाच गोष्टीवर, की मी पाच वर्षं हा ड्रायव्हर बिनचूक सांभाळला. त्यांच्या पत्रात हाच शब्द होता. भोक सापडल्यावर एका दुपारीत बुजवलं याचंही त्यांनी फोनवर कौतुक केलं होतं.

इंटरनेटवर कुठेही नोंद नव्हती. माझी मेल ज्यांना गेली होती त्यांनी ती पाच वर्षांपूर्वी वाचून टाकून दिली असणार. पुरावा दोनच ठिकाणी होता. एक माझ्या हातातल्या सीडीत, आणि दुसरा सरांच्या कपाटात, लाल मांजरपाटाच्या रुमालात, जो सर आता कधी सोडून बघत नसतील असं मला वाटत होतं.

मी पाच दिवस गप्प बसले. हे मी लपवत नाही. पाच दिवस मी ऑफिसला गेले, जेवले, मुलाखतीची तयारी केली, आणि रविवारी सकाळी दहा वाजता घड्याळाकडे बघत बसले. सरांच्या घरी त्या वेळी पहिल्यांदाच कुणी नसणार होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मला त्या आठवड्यात कळलं. आई म्हणाली, मुलाखतीचं टेन्शन आहे. मी हो म्हटलं.

सोमवारी संध्याकाळी मी ऑफिसमधून सरळ सुभानपुऱ्याला गेले. सर आत होते. मी चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली, कारण बसले असते तर चहा आला असता, चहानंतर आणखी काही, आणि मी न बोलताच परत आले असते.

"सर, तुमच्या कोडमध्ये ती तपासणी होती. मी काढली. नव्व्याण्णव साली."

सरांनी मान वर केली. "मला माहीत आहे," ते म्हणाले.

मी खुर्चीवर बसले.

"तू त्या दिवशी दाखवून गेलीस ने, तुझी रिक्षा वळली असेल नसेल, मी रुमाल काढला. आपल्या हातून राहिलं असेल यावर माझा विश्वास बसेना." ते शांतपणे सांगत होते. "तेव्हाच पाहिलं."

"आणि तुम्ही बोलला नाहीत? ते देवेंद्र वगैरे हसत होते तेव्हाही?"

"काकूने सांगितलं होतं तुझ्या बंगलोरचं. माझं नाव आता कुठे व्हायचंय? तुझं व्हायचंय. म्हटलं, राहू दे."

"मग वर्ग का बंद केलात?"

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात चहाचा ट्रे.

"त्या रविवारी गोत्री भागातला एक मुलगा उठून मला विचारतो," सर म्हणाले, "सर, तमे केवी रीते चूकी गया? सरळ विचारलं बिचाऱ्याने, कुचकटपणा नव्हता. कसे चुकलात ते सांगा, म्हणजे आम्ही शिकू. आता काय सांगू? खरं सांगितलं तर तुझं नाव येतं. खोटं सांगून शिकवता येत नाही. म्हणून म्हटलं, घरी जा."

मला राग आला. खरं म्हणजे लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटतही होती, पण बाहेर आला तो राग. माझा स्वभावच तसा. मी म्हटलं, "मला न विचारता तुम्ही ठरवलंत? मी काय दुधखुळी आहे? माझी चूक स्वतःच्या डोक्यावर घ्यायची आणि वर मला कळूही द्यायचं नाही?"

"तू पण चार-पाच दिवस कळू दिलं नाहीस," सर म्हणाले. मी किती दिवस गप्प होते ते मी सांगितलंच नव्हतं. माझा चेहरा बघून म्हणाले, "मंगळवारी तू आलीस तेव्हा तुला माहीत नव्हतं, ते मला तुझ्या तोंडावर दिसलं. काल रविवार होता, एरवी तू आली असतीस. आली नाहीस. म्हणजे मधे केव्हातरी कळलं."

काकूंनी ट्रे टेबलावर जरा जोरातच ठेवला. "दोघं एकसारखे," त्या म्हणाल्या. "कोण मोठा त्यागी, त्याची शर्यत लावलीय. आणि माझ्या घरात आठ दिवस मयत झाल्यासारखी शांतता." त्या आत निघून गेल्या.

नोकरीचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. बाराला मी बंगलोरला गेले, त्याच सोमवारी मी पाठवलेलं कबुलीचं पत्र त्यांनी वाचलेलं होतं, त्याबद्दल दोन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. तीन आठवड्यांनी कळवलं की सध्या जागा भरायची नाही. कारण तेच होतं की दुसरं, कुणी सांगितलं नाही. मी आणखी तीन वर्षं गोरव्याला पॅनल लिहीत होते.

तर त्या सोमवारी मी सरांच्याच कॉम्प्युटरवर बसले. प्रागवाल्याला, सिस्टिमच्या मुख्य मेल-यादीला आणि विद्यार्थ्यांच्या ग्रुपला, तिन्हीकडे एकच पत्र पाठवायचं ठरवलं. पत्र इंग्रजीत होतं, पण मराठीत सांगायचं तर असं. तीस जानेवारीच्या सूचनेत एक दुरुस्ती. ही चूक दिघे यांच्या मूळ कोडमध्ये नव्हती. मूळ कोडमध्ये आवश्यक ती तपासणी होती. ऑगस्ट १९९९मध्ये साफसफाई करताना ती माझ्याकडून चुकून काढली गेली. त्याची जबाबदारी माझी. खाली माझं पूर्ण नाव.

सर मागे उभे राहून वाचत होते. त्यांचे डोळे अगदी ठीक होते. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"हा शब्द काढ."

"कुठला?"

"चुकून."

"सर, मी मुद्दाम थोडीच..."

"भोक पाडायला नाही काढलीस. पण हात घसरून पण नाही निघाली ती. तू वाचलीस, वर माझी टीप होती ती वाचलीस, आणि मग काढलीस. तुला वाटलं, म्हातारा उगाच एक गोष्ट दोनदा करतो."

मला ती दुपार लख्ख आठवत होती. ती टीप वाचून मी हसले होते. एकटीच बसले होते, तरी मोठ्याने हसले होते. मी 'चुकून' खोडलं आणि लिहिलं, मला ती अनावश्यक वाटली म्हणून मी ती काढली. इंग्रजीत ते आणखी वाईट दिसत होतं.

"बराबर," सर म्हणाले. "आता पुढे मी सांगतो ते लिही."

मला वाटलं, ते माझी थोडी बाजू घेणार. मुलगी गुणी आहे, वगैरे. मी कीबोर्डवर हात ठेवून थांबले.

"ऑगस्ट १९९९मध्ये हा बदल मी वाचला होता," सर सांगू लागले. "तपासणी काढलेली मी पाहिली होती. दुसरी वाट उघडी राहते, हेही मला तेव्हाच कळलं होतं."

मी मागे वळून पाहिलं.

"लिही ने."

"सर, तुमचं तेव्हा ऑपरेशन..."

"ऑपरेशन डिसेंबरात झालं. ऑगस्टमध्ये भिंग लावून वाचत होतो. तू पाठवलेलं सगळं वाचत होतो, ओळ न् ओळ. हे पण वाचलं. सातव्या नंबरवर होतं." ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते आणि त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, वर्गात असे तसा. "मला राग आला होता मुग्धा. काम घेऊन चार महिने झाले, तू एकदा पण विचारायला आली नव्हतीस. एक फोन नाही. आणि मग हे आलं, अनावश्यक म्हणून. मी म्हटलं, करू दे. आपटेल तेव्हा येईल विचारत. मग तू नंतर येऊ लागलीस, पहिल्यासारखी, आणि मला बोलायची लाज वाटली. रोज वाटायचं उद्या सांगू. मग डोळे, मग हे, मग ते. साडेचार वर्षं गेली."

"पण तुम्ही तर म्हणालात, रुमाल काढून पाहिलं..."

"तो बघायला काढला, की मी स्वप्नात तर नव्हतो ने तेव्हा." ते म्हणाले. "माझ्या वाट्याची तपासणी मी केली होती. फक्त तोंड उघडलं नाही."

आत काकूंचा भांड्यांचा आवाज थांबला होता. त्या ऐकत होत्या, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मला रडू आलं. कशाचं, ते तेव्हा सांगता आलं नसतं, आता सांगते. त्या ऑगस्टमध्ये मी सरांना विचारायला गेले असते तर त्यांना फार आवडलं असतं, एवढंच होतं ते. आणि मी गेले नाही, कारण मला वाटायचं की आता मला सगळं येतं.

मी डोळे पुसले आणि त्यांनी सांगितलं ते लिहिलं. दुसरी वाट उघडी राहते हे मला कळलं होतं आणि मी कुणालाही सांगितलं नाही. त्याची जबाबदारी माझी. खाली त्यांनी स्वतः पुढे वाकून, एकेक अक्षर शोधत, आपलं पूर्ण नाव घातलं.

"पाठव," सर म्हणाले.

मी पाठवलं.